मीटरवरचा दिवा लागला : इंजिन बंद करायचं की चालू ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, कोल्हापूरहून आंबा घाटातून रत्नागिरीकडे चाललेली. घाटातल्या वळणांवर तेलाच्या किटलीसारखा लाल दिवा क्षणभर लागायचा आणि सरळ रस्ता आला की विझायचा. नंतर गावात गाडी उभी असताना तो लुकलुकू लागला, थोडी रेस दिली की जायचा. रस्त्यातल्या एका गॅरेजवाल्याने न बघताच सांगितलं, "सेन्सर गेलाय, चालवा बिनधास्त." त्यानंतर दोन दिवसांनी इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवाही लागला आणि तो आता जात नाही. गाडी चालवावी का, आणि एकूणच कोणत्या दिव्याला थांबायचं नि कोणत्याला घरी आणायचं, हे विचारलं आहे.

आधी तुमच्या गाडीचं सांगतो. सेल्फ मारू नका. गाडी सपाट जागी आहे ना बघा, बॉनेट उघडा, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून वाचा. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असणार, असा माझा अंदाज आहे. पट्टीला टोकापुरतंही लागलं नाही तरी मला नवल वाटणार नाही.

अंदाज हवेतला नाही. इंजिनच्या तळाला जो चेंबर असतो त्यात ऑइल साठतं आणि पंपाची जाळी त्या तळाशी बुडालेली असते. ऑइल कमी असलं की वळणावर ते एका बाजूला सरकतं, जाळी उघडी पडते, पंप क्षणभर हवा ओढतो आणि दाब पडतो. दिवा लागतो. सरळ रस्त्यावर ऑइल परत जागेवर येतं, दिवा विझतो. गाडी उभी असताना पंप सर्वात हळू फिरतो, शिवाय तापलेलं ऑइल पातळ झालेलं असतं, म्हणून तिथे दाब आधीच कमी असतो. रेस दिली की पंप जोरात फिरतो आणि दाब कसाबसा वर येतो. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही खुणा या एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. सेन्सरची वायर सैल असती तर दिवा खड्ड्यात लागला असता. गाडी वळते आहे हे बिघडलेल्या सेन्सरला कसं कळणार?

हा दिवा ऑइल किती आहे ते दाखवत नाही, दाब किती आहे ते दाखवतो. बहुतेक लहान गाड्यांत त्याच्यामागे एक साधा स्विच असतो आणि दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली गेला की तो दिवा पेटवतो. धडधाकट इंजिन तापलेलं आणि उभं असताना १ बारच्या आसपास किंवा जास्त दाब देतं, आणि हायवेवर ३-४ बार. म्हणजे दिवा लागतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो. क्रँक (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) आणि त्याला धरणारी बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो तो गेला की धातूवर धातू घासतो, आणि पुढचं काम मिनिटांत होतं. "गॅरेज दोनच किलोमीटरवर होतं म्हणून आणली" असं म्हणत आलेल्या कितीतरी गाड्यांचं आम्हाला पूर्ण इंजिन खोलावं लागलं आहे. तेच दोन किलोमीटर टोइंगने आणल्या असत्या तर एक स्विच किंवा चेंबरचं एक वॉशर बदलून भागलं असतं.

तर ऑइल भरा. खालच्या आणि वरच्या खुणेत लहान गाड्यांना साधारण लिटरभराचा फरक असतो, पण एकदम ओतू नका. अर्धा लिटर घाला, पाच मिनिटं थांबा, पट्टी बघा. वरच्या खुणेपलीकडे गेलं तर तेही वाईट. ग्रेड मॅन्युअलमध्ये असते. अलीकडची पेट्रोल इंजिनं ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० मागतात. आडरस्त्यावर नेमकी ग्रेड मिळाली नाही तर पेट्रोल पंपावर मिळेल ते बऱ्या प्रतीचं इंजिन ऑइल घाला आणि नंतर बदला. कोरडं चालवण्यापेक्षा ते हजारपट बरं. आता सेल्फ मारल्यावर दोन-तीन सेकंदांत दिवा विझला आणि पुन्हा लागला नाही, तर गाडी गॅरेजपर्यंत चालवत न्या आणि ऑइल गेलं कुठे ते शोधा. खाली गळतंय की सायलेन्सरमधून निळा धूर होऊन जळतंय, यापैकी एक काहीतरी आहेच.

पट्टीवर ऑइल बरोबर आहे आणि तरी दिवा लागतो आहे, तर इंजिन बंद आणि टोइंग. गॅरेजमध्ये स्विच काढून त्याच्या जागी काट्याचं प्रेशर गेज लावता येतं, बहुतेक गाड्यांत ते अर्ध्या तासाचंही काम नाही. दाब बरोबर आला तर खरंच स्विच गेलाय, बदला आणि विसरा. म्हणून कुणी "सेन्सर गेलाय" म्हणालं की एकच विचारा, "गेज लावून बघितलंत का?"

स्पीडब्रेकरला किंवा दगडाला खालून दणका बसला आणि मग हा दिवा लागला, तर चाचणीपुरतंही इंजिन पुन्हा सुरू करू नका. चेंबर फुटलेला असू शकतो.

आता बाकीच्या दिव्यांकडे. ही चित्रं आयएसओ २५७५ या मानकातून आलेली असल्याने गाडी कुठल्याही कंपनीची असो, ती बरीचशी सारखीच दिसतात. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे लक्ष द्या, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात चूक नाही, पण रस्त्याच्या कडेला ते पुरत नाही. लाल दिवा दिसला की घाबरून लगेच चावी फिरवायची ही सवय काही दिव्यांना जीव वाचवते आणि काहींना अडचणीत टाकते. ऑइलच्या लाल दिव्याला इंजिन ताबडतोब बंद करायचं. बॅटरीच्या लाल दिव्याला सुरक्षित जागी पोचेपर्यंत ते बंद करायचं नाही. ब्रेकच्या लाल दिव्याला गाडी थांबवायची, पण ती पूर्ण थांबेपर्यंत इंजिन चालू हवं. तापमानाचा दिवा या सगळ्यांच्या अधेमधे येतो.

तापमानापासून सुरू करू, कारण आपल्याकडच्या घाटांत तोच जास्त दिसतो. बऱ्याच लहान गाड्यांतून आता तापमानाचा काटा गेला आहे. सकाळी इंजिन थंड असताना थर्मामीटरचा निळा दिवा दिसतो आणि थोडं अंतर गेलं की विझतो; तोपर्यंत जोरात रेस देऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. (तो विझतच नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकला आहे. घाई नाही, पण पेट्रोल जास्त जातं.) लाल लागला म्हणजे गाडी गरम झाली. एसी बंद करा, काचा खाली करा आणि हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण जोरात लावा. मे महिन्यात हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हीटर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटरच असतो आणि इंजिनची बरीच उष्णता तो काढून घेतो. असं करत पहिल्या सुरक्षित जागी बाजूला घ्या. वाफ दिसत नसेल, रेडिएटरचा फॅन चालू असेल, तर एखाद-दोन मिनिटं न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. चढावर एसी लावून ट्रकच्या मागे रांगत आलेली गाडी यानेच पुष्कळदा शांत होते. वाफ असेल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) सांडताना दिसत असेल किंवा दिवा जातच नसेल तर लगेच बंद करा.

इथे एक फसवी गोष्ट आहे. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट सगळंच वाहून गेलं तर तो कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो किंवा दिवा विझू शकतो. म्हणून हीटर पूर्ण लावूनही गार हवा येऊ लागली, तर दिवा काय म्हणतो ते न बघता इंजिन बंद करा.

आणि रेडिएटरची टोपी. रेडिएटरमध्ये सुमारे १ बार जादा दाब असतो, त्यामुळे १२० अंशांच्या आसपासही कूलंट उकळत नाही. टोपी उघडली की दाब जातो आणि सगळं उकळून तुमच्या तोंडावर येतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, हात लावून बघण्याइतकं थंड होऊ द्या, मग जाड फडकं धरून थोडी फिरवा, हवा जाऊ द्या आणि मगच उघडा. तापलेल्या इंजिनवर बाटलीतलं गार पाणी ओतणारे मदतनीस घाटात हमखास भेटतात. त्यांना नम्रपणे दूर ठेवा. इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचा असतो; तो एकदम गार होऊन वाकला की त्याखालचं गॅस्केट उडतं. थंड झाल्यावर साधं पाणी भरून गॅरेज गाठायला हरकत नाही, पण नंतर कूलंट योग्य प्रमाणात पुन्हा भरून घ्या. बॉनेटखाली हात घालताना फॅन जपा, चावी काढल्यावरही तो अचानक सुरू होतो.

बॅटरीच्या लाल दिव्याचा अर्थ लोक "बॅटरी गेली" असा घेतात. बहुतेक वेळा बॅटरी ठीक असते, तिला चार्ज करणारा अल्टरनेटर काम करत नसतो. गाडी आता साठ्यावर चालते आहे. बंद केलीत तर पुन्हा सुरू होण्याची खात्री नाही, म्हणून बंद करू नका. एसी, म्युझिक, मोबाइलचा चार्जर बंद करा. दिवसा, चांगल्या बॅटरीवर, अर्धा तास तरी सहसा मिळतो. रात्री हेडलाइट आणि वायपर चालू असताना बराच कमी. अपवाद एकच, पण तो महत्त्वाचा. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटला असेल, तर कित्येक इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. बॅटरीच्या दिव्यासोबत तापमान चढू लागलं किंवा बॉनेटखालून फटफट आवाज येऊन दिवा लागला, तर पट्टा गेला समजा आणि थांबा. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत व्होल्टेज पडलं की स्टिअरिंग जड होतं, त्याची मनाशी तयारी ठेवा.

ब्रेकचा दिवा, म्हणजे वर्तुळातलं उद्गारचिन्ह. आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा. हँडब्रेक अर्धा ओढून पाच-सहा किलोमीटर आलेले लोक मी दर आठवड्याला पाहतो. तो खाली असूनही दिवा असेल तर ब्रेक ऑइल कमी झालं आहे. पेडल दाबून बघा. घट्ट असेल तर सावकाश गॅरेज गाठता येईल. ब्रेकचे पॅड झिजले की त्यांना ढकलणारे पिस्टन पुढे येतात आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी हळूहळू उतरते, त्यामुळे हा दिवा कित्येकदा पॅड संपल्याचा निरोप असतो. नुसतं ऑइल टाकून तो विझवला तर निरोप पुसला जातो आणि पॅड तसेच राहतात. पेडल मऊ असेल, खाली जात असेल, तर गाडी हलवू नका. चालत्या गाडीत असं झालं तर पेडल भराभर मारा, खालचे गिअर घ्या, हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा, आणि इंजिन चालू राहू द्या, कारण ते बंद झाल्यावर ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर एक-दोन दाबांपुरतीच मदत करतो. ब्रेक आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) हे दोन्ही दिवे एकत्र लागले तर मागच्या चाकांचा ब्रेक सांभाळणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते, जोरात ब्रेक मारला तर गाडी फिरेल. फक्त पिवळा एबीएस लागला तर साधे ब्रेक शाबूत असतात. बऱ्याचदा चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसलेला असतो.

आता तुमचा पिवळा इंजिनचा दिवा. स्थिर आहे की लुकलुकतो आहे, हे आधी बघा. स्थिर असेल, गाडी नीट ओढत असेल, तर हलक्या पायाने घरी आणि तिथून गॅरेजला नेता येते. लुकलुकत असेल तर कुठलातरी सिलेंडर मिसिंग मारतो आहे, म्हणजे त्यात पेट्रोल नीट जळत नाही, आणि हा पिवळा दिवा लाल समजायचा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळू लागते. प्लगला ठिणगी देणाऱ्या हजार-दोन हजारांच्या कॉइलपायी कितीतरी महागडा कन्व्हर्टर घालवणं यालाच म्हणतात. वेग कमी करा, तरी लुकलुकणं थांबलं नाही तर बाजूला घ्या.

या दिव्यामागे एक कोड साठवलेला असतो. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, तिथे स्कॅनर लावून तो वाचता येतो, आणि मोबाइलला जोडणारा साधा स्कॅनर हजार-दीड हजारात मिळतो. पण कोड म्हणजे पेशंटने "पोटात दुखतंय" म्हणण्यासारखं आहे, निदान डॉक्टरलाच करावं लागतं. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. यावर सरसकट ऑक्सिजन सेन्सर बदलणारे भेटतील, पण खरं कारण फाटलेला हवेचा पाइप किंवा हवा मोजणारा मळलेला सेन्सर असू शकतं. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलेंडरमध्ये मिसिंग. इथे पैसे न घालवता करायची एक युक्ती आहे : पहिल्या आणि दुसऱ्या सिलेंडरची कॉइल अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल खराब. पी०३०१ वरच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा वायरिंगकडे वळा. पावसाळ्यात वायरिंग आधी बघा, कारण उबेला आलेले उंदीर इंजिनच्या वायरी कुरतडतात.

तुमच्या बाबतीत मला पी०३०१ ची शंका नाही. तुमच्या गाडीत व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ बदलणारी यंत्रणा असेल, तर ती ऑइलच्याच दाबावर चालते. ऑइल कमी झालं की ती अडखळते आणि पी००११ किंवा त्याच्या आसपासचा कोड येतो. म्हणजे लाल आणि पिवळा हे दोन वेगळे बिघाड नसून एकाच बिघाडाची दोन तोंडं असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून आधी ऑइल, मग स्कॅनर, हाच क्रम. कोड आणि त्यासोबत साठवलेली माहिती (त्या क्षणी इंजिनचा वेग किती, तापमान किती) पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. बॅटरीची वायर काढून दिवा विझवू नका; तसं केलं की हाच पुरावा जातो आणि इंजिनने शिकलेली सेटिंगही जाते.

डिझेलवाल्यांसाठी दोन शब्द. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं आणि नव्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर बसला. शहरात तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो भरतो आणि पिवळा दिवा लागतो. तेव्हा गाडी हायवेला काढा, ६०-८० च्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं एकसारखी चालवा. फिल्टर तापून काजळी जळते. मधेच बंद करू नका. हे वारंवार अर्धवट राहिलं तर जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइल चक्क वाढलेलं दिसतं. वाढलं म्हणून खूश होऊ नका, ते ऑइल बदला. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करते आणि मग जाळण्याचं काम वर्कशॉपलाच करावं लागतं.

बाकीचे झटपट. एअरबॅगचा दिवा जळत राहिला तर अपघातात बॅग उघडेल याची खात्री नाही. नवी सीट कव्हरं घातल्यावर किंवा आतून धुतल्यावर लागला असेल तर सीटखालचं पिवळं कनेक्टर हललेलं असतं, पण त्याला टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का बघायचा दिवा) लावू देऊ नका. टायरच्या हवेचा दिवा थंडीत सकाळी लागतो, कारण १० अंश तापमान उतरलं की दाब साधारण दीड पीएसआय उतरतो. दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना हवा भरा. घसरणारी गाडी आणि वेडीवाकडी रेघ असलेला दिवा वळणावर लुकलुकला तर गाडी घसरू न देणारी यंत्रणा काम करते आहे, कायम लागला तर बंद आहे किंवा बिघडली आहे. ताशी ८० किलोमीटरला वाजणारी आणि १२० ला सतत ओरडणारी वेगाची बीप हा बिघाड नव्हे. १ जुलै २०१९ पासून नव्या कारना ती सक्तीची आहे. ती काढून द्या म्हणणाऱ्यांना मी परत पाठवतो.

जुनी गाडी घेणार असाल तर हेच दिवे कामाला लावा. इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा : ऑइल, बॅटरी, इंजिन, एबीएस, एअरबॅग हे सगळे लागलेच पाहिजेत. मग सेल्फ मारल्यावर काही सेकंदांत विझले पाहिजेत. एखादा सुरुवातीला लागलाच नाही, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. एअरबॅगच्या बाबतीत हे मी अनेकदा पाहिलं आहे. तो ऑइलच्या दिव्याबरोबरच विझत असेल, तर त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडलेली असू शकते, हेही बघा.

रस्त्यात थांबायची वेळ आली तर हझार्ड (चारही इंडिकेटर) लावा, सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी उभं करा, धोक्याचा त्रिकोण बराच मागे ठेवा. घाटात वळण संपल्यावर लगेच थांबलात तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्याला आधीच दिसेल असा ठेवावा लागतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या मदत क्रमांकाला फोन लावा. आणि विमा कंपनीकडून टोइंग मागवताना गाडी ऑटोमॅटिक असेल तर सपाट पाठीचा ट्रकच मागा. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढलेल्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स गरम होऊन जातो, आणि मग आधीचा दिवा कशाचा होता हे विचारायला कुणाला वेळ उरत नाही.